चानीचं गाऱ्हाणं

आमच्या ग्रुपचं नाव ‘पोटात गोळो’. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला मध्ये मध्ये थांबायची सवय नाही. तेवीस माणसं आहोत. कोणी मालवणचं, कोणी ओरोसचं, एक तर पार वैभववाडीहून येतो. खूळ सगळ्यांचं एकच, रोलर कोस्टरचं.

मालवणजवळच्या कट्टा गावापासून चार किलोमीटरवर नवलाई पार्क आहे आणि त्यात आमची चानी. चानी म्हणजे खार. पिवळट तपकिरी रंगाची, सात डब्यांची, उंची जेमतेम चाळीस फूट. मुंबईचे पाहुणे येतात आणि ‘एवढीशीच?’ म्हणतात. उतरल्यावर काही म्हणत नाहीत, आधी पाणी मागतात. गाडी उतारावर सुटली की पोटात जो गोळा येतो ना, त्यावर आम्ही मोजतो. चानीचा पहिला उतार दोन गोळ्यांचा, दुसरा तीन गोळ्यांचा. ग्रुपवर एखाद्याचं म्हणणं पटलं की बाकीचे खाली लिहितात, ‘व्हय म्हाराजा!’ देवळात गाऱ्हाणं घालताना म्हणतात तसं. आमच्याकडे देवापुढे एकजण मागणं बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, जीभ आपोआप वळते.

मी किशोरी. एसटीत चोवीस वर्षं कंडक्टर, डेपो मालवण. माझा आवाज मोठा आहे, आणि राग त्याहून मोठा. दोन्ही नोकरीतूनच मिळाले, पेन्शनपेक्षा जास्त टिकले.

चानीवर मी पहिल्यांदा बसले ती डेपोच्या सहलीत. तेव्हा नोकरीत होते. कंडक्टरचा एक हात कायम दांड्याला आणि दुसरा तिकिटाला, हे तुम्ही बघितलंच असेल. गाडी वळणावर कलू दे, खड्ड्यात आपटू दे, दांडा सोडायचा नाही. त्या दिवशी मी शेवटच्या डब्यात बसले, मांडीवर लोखंडी अडसर आला, आणि समोरच्या पोरींनी हात वर केले म्हणून मी पण केले. दोन्ही. दुसऱ्या उतारावर चानी सुटली आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले की खाली आमच्या डेपो मॅनेजरांच्या हातातलं आइस्क्रीम पडलं. खरं सांगते, त्याआधी इतकी वर्षं मी चालत्या गाडीत दोन्ही हात कधी सोडलेच नव्हते. खाली उतरून मी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी पाच वेळा बसले.

तेव्हापासून शेवटचा डबा माझा. आणि पहिला डबा बाबलीभाऊंचा.

बाबलीभाऊ मालवणात होड्यांच्या इंजिनांचे मेस्त्री होते. वय अडुसष्ट. चानी सुरू झाली त्या दिवसापासून, म्हणजे चौदा वर्षं, दर बुधवारी येतात आणि पुढच्या डब्यात दोन्ही हातांनी दांडा धरून बसतात. ओरडत नाहीत, हसत नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकत बसल्यासारखे बसतात. पुढचा डबा चांगला की मागचा, या एका गोष्टीवरून आमचं सहा वर्षं भांडण चालू होतं.

‘‘पुढे बसल्यार सगळा दिसता,’’ ते म्हणायचे. ‘‘तू मागे बसान दुसऱ्याची डोकी बघतंस.’’

‘‘दिसाक होया तर घराकडे टीव्ही आसा,’’ मी म्हणायची. ‘‘मागचो डबो उतारार ओढून घेतलो जाता. गोळो थंय येता. पुढे तुमका गोळो नाय, नुसतो वारो.’’

‘‘एसटीत मागे बसान बसान तुझी हाडा सैल झाली हत.’’

‘‘आणि तुमची इंजिनासारखी जाम!’’

यावर ग्रुपवर दोन्ही बाजूंनी ‘व्हय म्हाराजा’चा पाऊस पडायचा. मजा होती. म्हणजे तोपर्यंत मजा होती.

जानेवारीत पार्कचा मालक चंदन याने ग्रुपवर एक फोटो टाकला. चाळिशीचा माणूस आहे, इथलाच. फोटोत एक मोठा निळा कोस्टर होता, मध्ये अख्खं वर्तुळ. म्हणजे गाडी चढते, उलटी होते, डोकं खाली पाय वर, आणि सुलटी होऊन येते. नाव गरुड. कुठल्याशा बंद पडलेल्या पार्कातून तयार मशीन मिळत होतं. चंदनने खाली लिहिलं होतं, ‘चानीचा पाया मजबूत आहे. चानी फेब्रुवारीत काढली तर गरुड तिथेच एक मेला सुरू. नाहीतर व्हाळापलीकडच्या भरडावर बांधायला लागेल, तिथे कातळ फोडण्यापासून सुरुवात, म्हणजे आणखी एक वर्ष. तुम्ही नेहमीची माणसं. तुम्ही ठरवा, मग देवाचा कौल घेऊ.’ व्हाळ म्हणजे ओढा, आणि भरड म्हणजे त्याच्या पलीकडचा कातळाचा माळ.

चंदनच्या वडिलांपासूनची पद्धत आहे ती. पार्कात नवीन काहीही आणायचं तर गावच्या रवळनाथाचा कौल हवा. साधा पाळणा आणला तेव्हाही घेतला होता.

मी तो फोटो मोठा करून बघितला. मग खालची नियमांची पाटी मोठी करून बघितली. ‘वय वर्षे बारा पूर्ण, साठच्या आत. ओळखपत्र दाखवावे.’

आणि माझं डोकं फिरलं.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथून सुरू होते. माझ्या आधारकार्डावर जन्मतारीख आहे एक जून. म्हणजे या एक जूनला मी साठ पूर्ण. पण मी काही तेव्हा जन्मले नाही. मी जन्मले त्यानंतर दीड वर्षाने, कार्तिकात, आमच्या गावच्या जत्रेदिवशी. आई दुपारी जत्रेतून गुळाचं खाजं घेऊन आली आणि संध्याकाळी मी आले, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. पण माझी थोरली बहीण जानकी एकटी शाळेत जाईना. रडून आकांत. तेव्हा बाबांनी मलाही तिच्याबरोबर नेऊन बसवलं. गुरुजींनी जानकीची तारीख घातली एक जून आणि माझीही एक जून, वर्षही तेच. कागदावर आम्ही जुळ्या आहोत! शिरा पडली त्या गुरुजीच्या तोंडार. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस एक जूनच आहे. त्या तारखेने माझी दीड वर्षाची नोकरी खाल्ली, आता माझा गरुड खायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ओरोसला गेले. सरकारी ऑफिसात शिरलं की माझी भाषाही इस्त्री केलेली होते.

‘‘साहेब, जन्मतारीख दुरुस्त करायची आहे,’’ मी म्हटलं.

टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा वर केला. ‘‘पुरावा काय?’’

‘‘माझी आई जत्रेतून खाजं घेऊन आली होती.’’

‘‘लेखी काही?’’

‘‘खाजं लेखी कसं असेल साहेब?’’

ते बिचारे हसले. चांगला माणूस होता. म्हणाले, ‘‘बाई, याच तारखेवर तुम्ही नोकरी केलीत, याच तारखेवर पेन्शन घेता. आता कोण बदलणार? आणि मी तरी काय सांगू, माझीही एक जूनच आहे. मी जन्मलो गणपतीत.’’

परतीच्या बसमध्ये मला राग आला, आणि मग रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. मला उलटं जायचं होतं. एकदाच. एवढ्या वर्षांत मी माणसांना उतरवलं, चढवलं, सुटे दिले, भांडणं सोडवली, आणि आपण मात्र दांडा धरून उभी. आता कुठे हात सुटले होते. एक मे ते एकतीस मे, एवढाच महिना माझ्या हातात होता. गरुड चानीच्या जागी आला तर मिळणार. भरडावर गेला तर कधीच नाही.

म्हणून मी कंबर कसली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तेवीसच्या तेवीस कट्ट्याच्या स्टॉपसमोरच्या हॉटेलात जमलो. तीन टेबलं जोडली. ग्रुपची व्यवस्था बघते ती दीपिका, कट्ट्यालाच मेडिकलमध्ये असते, सत्तावीस वर्षांची शहाणी मुलगी. तिने वहीत तिन्ही पर्याय लिहून आणले होते. चानी ठेवायची आणि गरुड नको, चानीच्या जागी गरुड, किंवा गरुड भरडावर, वर्षभराने.

‘‘माका तिसरा बरा वाटता,’’ दीपिका म्हणाली. ‘‘दोनय ऱ्हवतली. एक वरस थांबाचा, काय बिघाडता?’’

चार-पाच माना हलल्या. माझ्या पोटात गोळा आला, चानीशिवायच.

‘‘भरडार?’’ मी उठून उभी राहिले. ‘‘त्या कातळार? पाऊस इलो काय काम बंद. दिवाळीक परत सुरू. वरसाची दोन वरसा होतली, आणि मशीन तोपर्यंत दुसरो कोणतरी उचलतलो. मगे बसा चाळीस फुटार गोल गोल फिरत!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ वैभववाडीचा अनिश ओरडला. चोवीस वर्षांचा पोरगा, घाटाखाली राहतो, त्याला सगळं उंच हवं असतं. त्याच्यामागून आणखी पाचसहा ओरडले. दीपिकाचा पर्याय तिथेच पडला. आवाजापुढे काय टिकतं?

मग बाबलीभाऊ बोलले. बसूनच, भजीची बशी बाजूला सरकवून. ‘‘चानीचो एक खिळो बदलूक लागणा नाय अजून. मी आवाज ऐकतंय ना दर बुधवारी. बरी चलता हा, ती काढूची कित्याक?’’

‘‘जुनी झाली म्हणान!’’ मी म्हटलं.

‘‘जुनी म्हणजे काय? चवदा वरसांची. आणि माका तुमच्या गरुडार कोण घेतलो? साठाच्या वर आसंय मी. चानी गेली काय माका उरता ती तळ्यातली बदकाची होडी.’’

हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. साधं सांगितलं. आणि मी काय केलं? मी माझ्या बसमधल्या आवाजात, चहावाल्यालाही ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘तुमचा वय झाला तेका आमी काय करूचा? म्हाताऱ्यांसाठी पार्क बंद ठेवचो काय? बदकार बसा, गार वारो लागता थंय!’’

सगळे हसले. बाबलीभाऊ पण थोडेसे हसले, लोकांबरोबर हसावं लागतं तसे. मग चहाच्या ग्लासात बघत राहिले. मी बघितलं ते. बघितलं आणि खाली बसले आणि एक भजी खाल्ली. खोटं कशाला बोलू, चव लागली मला.

चिठ्ठ्या टाकल्या. दीपिकाने मोजल्या. गरुड बारा, चानी अकरा.

अनिशने मला उचलायचंच बाकी ठेवलं. चंदनला फोन गेला, पुढच्या रविवारी सकाळी कौल ठरला. दरवेळी गाऱ्हाणं घालायचे ते चंदनचे काका, भाई, ते मुलाकडे मुंबईला होते. चंदन म्हणाला, ‘‘किशोरीताई, गुरव म्हणता, जेची मागणी तेनाच गाऱ्हाणा घालूचा. तुमचोच आवाज मोठो. तुमीच घाला.’’ बाईमाणसाने घालावं का, म्हणून कोणीतरी कुरकुरलं, पण गुरवांनी सांगितलं की देव आवाज ऐकतो, बाकी काही बघत नाही. मला तर आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर मी भांडी घासताना गाऱ्हाणं पाठ करत होते. ‘चानीच्या जागेर गरुड उभो ऱ्हवांदे म्हाराजा.’

शनिवारी दुपारी चारला मी पार्कात गेले, चानीचा निरोप घ्यायला. दीपिका फाटकाशीच भेटली. आत चानी फिरत होती. सात डब्यांत एकच माणूस, पुढच्या डब्यात, दोन्ही हातांनी दांडा धरून.

‘‘शनवारी इले ते!’’ मी हसले. ‘‘बुधवार पुरत नाय वाटता. सांग त्यांका, बदकाची होडी पण आज मोकळी आसा. अकरा मतां घेवन म्हाताऱ्यान माझ्याशी टक्कर दिल्यान गो, पण हरलो!’’

दीपिकाने माझ्याकडे असं बघितलं की मी थांबले.

‘‘काकी, तुमका एक सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘मी कोणाक सांगूचा नाय म्हणान शब्द दिललंय. पण तुमी असा बोलतास ता माका आता ऐकवना नाय.’’

‘‘काय झाला?’’

‘‘आजोबांनी त्या दिवशी चष्मो आणूक नव्हतो. चिठी माकाच लिहूक सांगितल्यानी. म्हणाले, ‘गरुड’ लिही.’’

मला आधी कळलंच नाही. ‘‘कोणाचा?’’

‘‘बाबली आजोबांचा मत. बारावा.’’

चानी दुसऱ्या उतारावर आली. मला तो आवाज ओळखीचा आहे, पण त्या दिवशी तो ऐकूच आला नाही.

‘‘मी विचारलंय त्यांका, आजोबा असा कित्याक,’’ दीपिका सांगत होती. तिचे डोळे भरले होते. ‘‘ते म्हणाले, किशोरीक उलटा जावचा आसा. तिच्या कागदार महिनोच उरलो हा. ओरोसाक जावन इली ती, माका तिच्या भयणीन, जानकीन, बाजारात सांगितल्यान. माका चवदा वरसा मेळली, आता तिका मेळांदे.’’

म्हणजे मी एवढं घालून पाडून बोलले, आणि त्यानंतर त्या माणसाने चिठ्ठी लिहायला लावली. माझ्या नावाची. ते एक मत चानीला पडलं असतं तर अकरा-बारा होतं, चानी राहत होती. त्यांनी आपल्या हाताने आपली चानी माझ्या पदरात टाकली होती, आणि मी भजी खात होते.

चानी थांबली. बाबलीभाऊ उतरले, डब्याच्या पत्र्यावर दोनदा हात थोपटला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत दुसरं कोणी नव्हतंच. मला त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. कंडक्टर असताना दारुड्यांना एका हाताने खाली उतरवलंय मी, पण ती पन्नास पावलं मी टाकली नाहीत. मी तशीच मागे फिरले.

रविवारी सकाळी देवळात सगळा ग्रुप होता. शिवाय चंदन, त्याची बायको किरमिजी रंगाची साडी नेसून, पार्कातली दहाबारा माणसं, आणि खांबाला टेकून बाबलीभाऊ, धुतलेला पांढरा शर्ट घालून. गुरवांनी पाषाणाला पाणी घातलं आणि दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. मला पुढे बोलावलं.

मी हात जोडले आणि आवाज लावला.

‘‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळं देऊळ घुमलं.

‘‘चंदनान बापाशीचो पार्क वाढवलो, तेका तू यश दिलंस!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘चवदा वरसा चानी फिरता हा, कोणाच्या केसाक धक्को लागूक नाय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

आता पाठ केलेलं वाक्य होतं. चानीच्या जागेर गरुड. मी तोंड उघडलं. एक मे डोळ्यांसमोर आला. निळा गरुड, मी शेवटच्या डब्यात, आभाळ पायाखाली. देवा शपथ सांगते, मला ते अजूनही हवं होतं. त्या क्षणी तर जास्तच हवं होतं. आणि खांबाजवळून बाबलीभाऊ माझ्याकडे बघत होते. मान हलवत होते, बोल, बोल अशी.

‘‘म्हाराजा, ह्या कामात एक चूक झाली हा. ती माझी!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ इतक्या जोरात कबूल करायची काही गरज नव्हती, पण असो.

‘‘माका गरुडार बसाची घाई झाली, म्हणान मी एका जाणत्या माणसाक चार लोकांत वाकडा बोललंय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘त्या माणसान आपल्या तोंडातलो घास काढून माका दिल्यान, आणि माका ता कळाक नाय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ या वेळी बाबलीभाऊ बोलले नाहीत. त्यांची मान हलायची थांबली होती. पण बाकीच्यांची जीभ लागलेली होती, आणि मी थांबणार नव्हते.

‘‘तर बा म्हाराजा, चानी आसा थंयच ऱ्हवांदे, तिका हालव नको!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘गरुड व्हाळापलीकडे भरडार बांधून घे, वरस लागला तर लागांदे! आणि सगळ्यांचा बरा कर!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

तो शेवटचा ‘व्हय’ घुमून विरला. पहिला भानावर आला अनिश. त्याचं तोंड ‘म्हाराजा’च्या ‘जा’वर उघडं राहिलं होतं, ते मिटायलाच तयार नव्हतं.

‘‘किशोरीताई,’’ चंदन हळूच म्हणाला, ‘‘ह्या काय बोललास तुमी?’’

‘‘मी बोललंय ता बोललंय,’’ मी म्हटलं. ‘‘पण व्हय कोणी म्हटल्यान? तुया म्हटलंस. माझ्या कानान ऐकलंय.’’

‘‘अरे पण ती सवय...’’ अनिश ओरडला. ‘‘गुरवानु, आमी चुकान म्हटला!’’

गुरवांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘देवासमोर व्हय म्हटला काय म्हटला,’’ ते म्हणाले. ‘‘आता ता परत घेवक येवचा नाय. देव काय सांगता ता बघूया.’’

आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. उजवी पाकळी वरून सुटली, थोडी सरकली, थांबली. चंदनने घाम पुसला. मग ती पडली.

अनिश अजूनही म्हणतो की मी देवाला फसवलं. मी त्याला सांगते, देवाला कसलं फसवणार, तुम्हाला फसवलं. चंदनने पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलणं ठेवलं नाही, पण होडीच्या बाजूने भरडावर जायची वाट मात्र त्याने लगेच मोकळी करायला घेतली. देवाचा शब्द तो मोडणार नव्हता. आणि तरुण पोरांचा राग खरा होता, तो मी नाकारत नाही. त्यांचं वर्ष मी घेतलं.

बाबलीभाऊ त्या दिवशी देवळाच्या पायरीवर माझ्याजवळ आले.

‘‘गाढवीण आसंस,’’ ते म्हणाले. ‘‘माझा मत फुकट घालवलंस.’’

‘‘तुमी माझ्यासाठी घातलास, मी तुमच्यासाठी काढलंय. फिटला,’’ मी म्हटलं. ‘‘त्या दिवशी बदकाचा बोललंय... माफ करा ओ, भाऊ.’’

‘‘बदकाची होडी बरी आसा,’’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘‘मी बसान बघलंय. अर्धो गोळो.’’

एकतीस मे. पावसाळ्याआधीचा पार्कचा शेवटचा दिवस. कागदावर माझा साठीच्या आतला शेवटचा दिवस. गरुड सुरू असता तर आज मी शेवटचं उलटं गेले असते. जानकीने सकाळीच फोन करून ‘जुळ्या बहिणीक’ आगाऊ शुभेच्छा दिल्या. मी तिला शिव्या दिल्या.

दुपारी चानीपाशी गेले तर बाबलीभाऊ पुढच्या डब्यात बसलेले, बाजूची जागा मोकळी. ‘‘ये,’’ म्हणाले. ‘‘एकदा पुढे बस. सगळा दिसता.’’

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा पुढे. अडसर खाली आला. सुटायच्या आधी मी तोंडाने डबल बेल दिली, टण टण, आणि चानी चढू लागली. वर पोचलो तेव्हा खरंच सगळं दिसलं. व्हाळ, काजू, आणि पलीकडे भरडावर चुन्याने आखलेलं एक मोठं पांढरं वर्तुळ. तिथे पुढच्या शिमग्याला गरुड उभा राहणार. मी त्यावर कधी बसणार नाही.

मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते, उगाच कशाला सांगू?

‘‘माका उलटा जावचा होता ओ, भाऊ,’’ मी म्हटलं.

‘‘म्हायत आसा गो,’’ ते म्हणाले.

चानी उताराच्या टोकावर क्षणभर थांबते, तशी थांबली. मी दोन्ही हात वर केले. आणि बाबलीभाऊंनी, चौदा वर्षांत पहिल्यांदा, दांडा सोडला.